पासवर्डाचा घनपाठ

कुणाच्या घरात काय चाललंय ते मोहल्ल्यात दूधवाल्याला कळतं, विद्यापीठाच्या आवारात मला. त्यासाठी कुणाच्या दाराला कान लावावा लागत नाही. संगणक केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर बसून मी नोंदवही सांभाळते, तेवढं पुरतं. वही म्हणजे आता पडद्यावरची. पण अठरा वर्षांची सवय, मी तिला वहीच म्हणते.

फोनला किंवा लॅपटॉपला आमच्या वायफायवर यायचं तर ज्याने त्याने आपलं नाव आणि आपला पासवर्ड द्यायचा, हा साधा नियम. पण स्पीकरला नाव विचारलं तर तो काय सांगणार? टीव्ही, कॅमेरा, हुकमावर पेटणारा दिवा, यांना ना बोटं ना तोंड. म्हणून त्यांच्यासाठी वेगळं जाळं केलं आणि स्टाफ क्वार्टरमधल्या प्रत्येक घराला सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड दिला. त्या पासवर्डाने जी वस्तू जोडली जाईल ती त्या घराची. जोडली रे जोडली की तिचा बारा अक्षरांचा नंबर माझ्या वहीत त्या घराच्या नावाखाली एक ओळ होऊन बसतो.

या ओळी वाचून माणसं कळतात. तत्त्वज्ञान विभागात एक सर आहेत, वैराग्यावर बोलायला लागले की घड्याळ बघत नाहीत. त्यांच्या नावावर अकरा वस्तू, त्यात माशांना वेळच्या वेळी खाणं टाकणारं एक यंत्र. वसतिगृहाच्या वॉर्डनसाहेबांकडे दोन खोल्यांत दोन स्पीकर. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत, स्पीकर दोघांशी बोलतात. माझं घर दुर्गाघाटावर, आवाराबाहेर, म्हणून वहीत नाही. असतं तरी एका ओळीत आटोपलं असतं.

कार्तिकात एका सोमवारी सुमंतची मेल आली. सुमंत माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, दुर्गाघाटावर आमची घरं समोरासमोर होती. आता तो कॅलगरीला असतो.

“इरावतीताई,” त्याने लिहिलं होतं, “अण्णांच्या स्पीकरवर दुपारी चार वाजता आपोआप भोजपुरी गाणी लागतात. कॅमेऱ्यात पाहिलं तर दाराबाहेर वीस-पंचवीस अनोळखी मुलं. अण्णांना विचारलं तर म्हणतात, मजेत आहे. मला काळजी वाटते. जरा बघशील का?”

अण्णा म्हणजे सुमंतचे वडील, वेणीमाधवशास्त्री, ऋग्वेदाचे घनपाठी. वय अठ्ठ्याहत्तर. निवृत्त होऊन तप उलटलं, पण विद्यापीठाने त्यांना मानद आचार्य म्हणून ठेवून घेतलं आणि जुन्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या दिल्या, पुढे ओसरी. दुर्गाघाटाच्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या, म्हणून त्यांच्या पत्नी सीताकाकूंनीच हट्टाने हे घर घेतलं. काकू दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात गेल्या. सुमंत आला, तेरा दिवस राहिला, आणि जाताना टीव्ही, स्पीकर आणि आतल्या खोलीतून दारापर्यंत बघणारा एक कॅमेरा लावून गेला.

त्यानंतर संध्याकाळी घरी जाताना मला अण्णा ओसरीत दिसायचे. खुर्ची रस्त्याकडे तोंड करून. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत बसलेले, रेल्वे फाटकावरचा माणूस गाडीची वाट बघतो तसे. मी दोन-चारदा हात हलवला. थांबले नाही. फाटकाबाहेरची टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, भरली की निघून जाते, आणि पुढची भरायला वीस मिनिटं लागतात. गेला महिनाभर तर काम संपायलाच रात्र व्हायची, तेव्हा ओसरी रिकामी असायची.

मेल वाचून मी वही उघडली. वेणीमाधवशास्त्री, या नावाखाली तीन ओळी असायला हव्या होत्या. सदतीस होत्या.

एका घराला पाच वस्तूंची मर्यादा आहे. पण ती परिपत्रकात आहे, यंत्रात घालायची राहून गेली. ते असो. मी नंबर वाचले. कारखान्यातून निघताना प्रत्येक वस्तूवर खरा नंबर कोरलेला असतो. हल्लीचे फोन मात्र ओळख लपवायला बनावट नंबर घेऊन फिरतात. ओळखायची खूण सोपी आहे: दुसरं अक्षर दोन, सहा, ए किंवा ई असलं की समजावं, पाहुणा खोटं नाव सांगून आत आलाय. त्या सदतीसांत चौतीस खोट्या नावांचे निघाले. म्हणजे चौतीस फोन अण्णांच्या घरच्या वस्तू म्हणून नांदत होते.

का, ते समजायला फार डोकं लागलं नाही. वसतिगृहाच्या नेटवर सिनेमे, सामने, खेळ सगळं बंद आहे. वस्तूंच्या जाळ्यावर सगळं चालू, कारण टीव्हीला सिनेमा बंद करून कसं चालेल? आणि हे जाळं फक्त क्वार्टरमध्ये पोचतं. म्हणजे अण्णांचा पासवर्ड हाताशी असला आणि अण्णांच्या ओसरीवर बसायला मिळालं की झालं.

हसण्यासारखंच होतं, एक गोष्ट सोडली तर. एका घराच्या पासवर्डावरच्या वस्तू एकमेकींना दिसतात. दिसायलाच हव्यात, नाहीतर फोनवरून स्पीकर कसा लावणार? तेव्हा कुणाचं बोट चुकून भलत्या नावावर पडलं की गाणं अण्णांच्या खोलीत वाजायचं. इथवर ठीक. पण कॅमेराही त्याच घरात होता, आणि सुमंतने त्याचा कारखान्याचा पासवर्ड बदलला नव्हता. असा पासवर्ड कुणालाही शोधून सापडतो. चौतिसांतल्या एकाच्या मनात आलं असतं तर अण्णांचं उठणं, बसणं, झोपणं, कपडे बदलणं त्याच्या फोनवर.

असं काही आढळलं की तीन दिवसांत पासवर्ड बदलायचा, असा आमच्याकडे नियम आहे. मंगळवारी संध्याकाळी पाचला मी अण्णांकडे गेले.

ओसरी भरली होती. कठड्यावर, पायऱ्यांवर, चपलांच्या ढिगाशेजारी मुलं. तीन-चार मुलीही. सगळ्यांच्या माना खाली, बोटं पडद्यावर. मध्ये खुर्चीत अण्णा. धोतराच्या निऱ्या इस्त्री केल्यासारख्या, कपाळाला गंध ताजं. दोन वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. अवनी नावाची एक मुलगी, जबलपूरची, त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होती आणि तिचा फोन दुसऱ्या हातात चालूच होता. कुणीतरी आतून तांब्या भरून आणला. अण्णा एकाला विचारत होते, “तुम्हारी बहन का ब्याह पक्का हुआ कि नहीं?” त्याने पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, “हो गया गुरुजी, फरवरी में.”

“फरवरी में कौन तारीख?”

“बारह.”

“अच्छी तिथि है,” अण्णा म्हणाले आणि मान डोलावली.

मी पायरीवर उभी राहिले आणि मला कळलं की उद्या मी पासवर्ड बदलला की ही ओसरी रिकामी होणार. वहीत चौतीस ओळी कमी होतील, आणि हा माणूस पुन्हा रस्ता मोजत बसेल.

अण्णांच्या लक्षात यायच्या आत मी एकाला बाजूला घेतलं. रोहन त्याचं नाव, भौतिकशास्त्रात संशोधन करतो. माझं ओळखपत्र बघून त्याने फोन खिशात घातला.

“पासवर्ड कुठून मिळाला?”

“मैम, चोरी नहीं किया है,” तो घाईने म्हणाला. “गुरुजी खुद सुनाते हैं. रोज सवेरे, रोज शाम. पूरी कॉलनी को सुनाई देता है.”

“सुनाते हैं म्हणजे?”

त्याने म्हणून दाखवलं. “के सात, सात के, के सात एम, एम सात के, के सात एम. सात एम, एम सात, सात एम चार, चार एम सात, सात एम चार...”

मी कपाळावर हात मारून घेतला. चूक माझीच होती. गेल्या महिन्यात सगळ्या घरांचे पासवर्ड बदलले, तेव्हा नवी चिठ्ठी देताना मी अण्णांना दोनदा बजावलं होतं, “कुठेही लिहून ठेवू नका, पाठ करा.” बाकीचे प्राध्यापक अशी ताकीद ऐकतात आणि चिठ्ठी टीव्हीच्या मागे चिकटवतात. अण्णांनी ताकीद पाळली. आणि घनपाठी माणूस पाठ कसं करतो? खणखणीत आवाजात, दोन पदं सरळ, दोन उलट, तीन सरळ, तीन उलट, पुन्हा सरळ. एक अक्षर इकडचं तिकडे होऊ नये म्हणून तर ही युक्ती निघाली. आणि झालं नाही. चौतीस ठिकाणी पासवर्ड बिनचूक उतरला.

“और कैपिटल-स्मॉल?” मी विचारलं. सोळा अक्षरांत सहा मोठ्या लिपीतली होती.

रोहनच्या चेहऱ्यावर शास्त्रज्ञाचा अभिमान आला. “वो मैंने निकाला, मैम. दो दिन लगे. गुरुजी का सुर जहाँ ऊपर चढ़ता है, वो कैपिटल. जहाँ नीचे जाता है, वो स्मॉल.”

मी त्याला जायला सांगितलं आणि अण्णांना आत बोलावलं. ते काठी टेकत आले, पलंगावर बसले. कॅमेऱ्याचा हिरवा ठिपका भिंतीवर चमकत होता. मी उठून त्याची वायर काढली.

“काय गं इरा, दफ्तरचं काम काढून आलीस?”

“अण्णा, पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो.”

“सांगितला कुठे? म्हटला.”

“तेच ते.”

“ते नव्हे. सांगायचं ते समोरच्याला. म्हणायचं ते आपलं आपल्याला.” मग माझा चेहरा बघून म्हणाले, “तूच म्हणालीस लिहू नका. चिठ्ठी मी तुळशीत पुरली.”

“मनात म्हणायचा होता.”

बाहेर कुणाच्या तरी फोनवर विकेट पडली, मुलं ओरडली. अण्णांनी तिकडे कान दिला. आवाज ओसरला तेव्हा म्हणाले, “पहिले तीन दिवस खरंच पाठ करत होतो. चौथ्या दिवशी झाला पाठ. सोळा अक्षरं ती काय. त्या सकाळी हा रोहन सायकल टेकवून कठड्यावर बसला होता. मी थांबलो असतो तर तो उठून गेला असता.”

“मग?”

“मग पुन्हा पहिल्यापासून म्हटला.”

अठरा वर्षं माणसांच्या लबाड्या टिपण्यात गेली माझी, आणि ही समोरासमोर घर असलेल्या माणसाची मला दिसली नव्हती.

“अण्णा, ही मुलं नेटसाठी येतात.”

“मग काय तुला वाटलं, माझ्या ऋचा ऐकायला येतात?” ते हसले. “अगं, पंचगंगा घाटावर कबुतरं येतात ती काय आपलं तोंड बघायला? दाणे टाकतो म्हणून येतात. पण येतात की नाही? अवनी डोळ्यांत औषध घालते. तो विष्णु, मोटा चश्मेवाला, बाजारातून भाजी आणतो. मला हात हलवून निघून नाही जात कुणी.”

हे माझ्यासाठी होतं. मी ते घेतलं आणि कॅमेऱ्याचं सांगायला सुरुवात केली. यातला कुणीही आत बघू शकतो, कपडे बदलताना, झोपताना, कधीही.

“बघू दे. सुमंत बघतोच आहे. त्याने मला काय झालं?”

“सुमंत मुलगा आहे तुमचा.”

“हो ना. त्याला इथे यायचं असेल तर भाडं पडतं, या पोरांना पासवर्ड पडतो. पोरं आली.” मग आवाज उतरवून म्हणाले, “आठवडाभर राहू दे, इरा. पुढच्या सोमवारी बदल.”

“तीन दिवसांची मुदत आहे, त्यातला दीड गेला. आणि उद्या यातून काही भलतं झालं तर चौकशी माझी. त्याहून वाईट म्हणजे झालेलं तुम्हाला कळणारही नाही.”

त्यांनी पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली. “बरं. बदल.”

“आणि नवा मोठ्याने म्हणायचा नाही. शब्द द्या.”

“दिला,” म्हणाले. एवढंच. या माणसाने एकदा चढत्या तापात पारायण सोडलं नव्हतं, कारण संकल्प केला होता. त्यांच्या ‘दिला’पुढे आमच्या केंद्राचा शिक्का काहीच नाही.

बुधवारी दुपारी मी जुना पासवर्ड बंद केला. वेणीमाधवशास्त्री या नावाखालच्या सगळ्या ओळी एकदम पुसल्या गेल्या. पाचला नवी चिठ्ठी घेऊन त्यांच्या तीन वस्तू जोडायला गेले. ते काम जागेवरच करावं लागतं. कॅमेऱ्याचा कारखान्याचा पासवर्डही बदलला, नवा सुमंतला कळवला. अण्णांनी चिठ्ठी वाचली, ओठ हलले, आवाज आला नाही. मग चिठ्ठी घडी करून मलाच परत दिली.

मुलं आली. दुपारपासून नेट गेलंय हे सगळ्यांना कळलं होतं, तरी आली. नेहमीच्या जागा धरून बसली. रोहनने विचारलं, “गुरुजी, नया वाला आ गया?”

“आ गया,” अण्णा म्हणाले.

सगळे सावरून बसले. चौतीस माणसांना अशा एकाग्रतेने कुणाच्या तोंडाकडे बघताना मी विद्यापीठाच्या एकाही वर्गात पाहिलेलं नाही. अंगठे पडद्यावर तयार. अण्णांनी डोळे मिटले, हात मांडीवर ठेवला, श्वास घेतला आणि सुरू केलं.

पण तो पासवर्ड नव्हता. ते खरंखुरं सूक्त होतं, घनात. तोच चढता-उतरता सूर, तीच उलटसुलट पदं, पण के नाही, सात नाही. एका मुलाने पहिली दोन अक्षरं टाइपसुद्धा केली, मग पुसली. त्यांना वाटलं, आधी देवाचं होईल, मग आपलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. अण्णांचा आवाज भरत गेला. मी लहानपणी खिडकीतून ऐकलेला, अगदी तो. मला वाटलं, निदान आवाजासाठी तरी दोघे-तिघे थांबतील.

पहिला मागच्या पायरीवरचा उठला. चपला हातात घेऊन गेला, आवाज होऊ नये म्हणून. तेवढी लाज होती. मग एकदम पाच-सहा. विष्णुने जाता जाता भाजीची पिशवी दाराशी ठेवली. रोहन वीस मिनिटं बसला, सुरांकडे कान देऊन, यातून काही निघतं का बघत. भौतिकशास्त्रवाला, सहजासहजी हार मानेना. शेवटी तोही उठला. अवनीने अण्णांच्या पायाला हात लावला, हळूच म्हणाली, “गुरुजी, कल प्रैक्टिकल है.” अण्णा थांबले नाहीत. घनपाठ मधे सोडत नाहीत.

संपलं तेव्हा त्यांनी डोळे लगेच उघडले नाहीत.

“किती उरलेत?”

“मी आहे, अण्णा.”

“तू धरायची नाहीस. तू ड्यूटीवर आहेस.” मग डोळे उघडून रिकाम्या कठड्याकडे बघितलं. “उद्या येशील?”

“बघते.”

“‘बघते’ कशाला म्हणतात ते मला सुमंतने शिकवलंय,” अण्णा म्हणाले आणि आत गेले.

मी काहीच केलं नाही असं नाही. ओसरीवर मुलांना आपापल्या नावाने सगळं नेट वापरू द्यावं, असा अर्ज साहेबांपुढे ठेवला. साहेब म्हणाले, “मैडम, वृद्ध सेवा का अलग विभाग है.” बरोबरच होतं. वायफायच्या अर्जात एकटेपणाचा रकाना नसतो.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी सर्व्हर बंद पडला. मग रविवार. मग मलाच सर्दी झाली. अशी आठ दिवसांची आठ कारणं माझ्याकडे आहेत आणि सगळी खरी आहेत. रोज सकाळी वही उघडून त्यांच्या तीन ओळी मात्र बघत होते. टीव्ही चालू, स्पीकर चालू, कॅमेरा चालू. तीनही हिरव्या दिसल्या की भेटून आल्यासारखं वाटायचं आणि मी पुढच्या कामाला लागायचे.

नवव्या दिवशी दोनच ओळी हिरव्या होत्या. कॅमेरा गेला होता. दहाव्या दिवशीही गेलेला. पंधराव्या दिवशी सुमंतची मेल आली: “ताई, कॅमेरा पंधरवडा व्हायला आला, दिसत नाही. अण्णा म्हणतात बिघडलाय. तुझ्याकडून काही झालंय का?”

पंधरवडा वगैरे काही झाला नव्हता. पण कॅलगरीहून दिवस लांब दिसत असतील.

त्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला गेले. ओसरीत खुर्ची होती, अण्णा नव्हते. ते आत पलंगावर बसले होते, फोन मांडीवर.

“ये. चहा तुझा तूच कर, माझ्यासाठी नको.”

मी दोघांचा केला. कठड्यावर एक तांब्या उपडा ठेवलेला दिसला, तो आत आणला.

“रोहन ठेवून गेला,” अण्णा म्हणाले. “वसतिगृहात राहिला होता त्याच्याकडे. बैठो म्हटलं, तर म्हणे लेट हो रहा है. काय लेट होतं या पोरांना?”

भिंतीवर कॅमेऱ्याची जागा रिकामी होती, नुसते दोन स्क्रू.

“बिघडला?”

“छे. तो अलमारीत आहे.”

मी अलमारी उघडली. मधल्या कप्प्यात, धुतलेल्या पंच्यात नीट गुंडाळून ठेवला होता. वायरची गुंडाळी शेजारी.

“अण्णा! तुम्ही काढलात?”

“त्याचा वायफाय मी तोडला नाही, शब्द मोडला नाही. वस्तू माझी, भिंत विद्यापीठाची. काढली.”

“आणि पडलात, झालं काही, तर सुमंतला कळणार कसं?”

“ऐक.” त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “कॅमेरा होता तेव्हा सुमंत काय करायचा? तिकडे सकाळ झाली की कॉफी पिता पिता बघायचा आणि एक मेसेज टाकायचा: ‘अण्णा, दिसलात, छान.’ महिन्यातून एकदा फोन. का करेल? त्याला मी दिसत होतो ना. मला तो दिसत नव्हता, पण ते कुणाच्या लक्षात येणार? आता मी दिसत नाही. तर रोज सात वाजता फोन येतो. रोज. पंधरा मिनिटं. परवा वीस मिनिटं बोलला. नातीला उठवून फोनवर आणलं, ती झोपेत ‘आजोबा’ म्हणाली.”

“आणि पडलात तर?”

“तर सात वाजता फोन उचलणार नाही. कळेल.”

मी कॅमेरा पंच्यासकट त्यांच्यापुढे पलंगावर ठेवला. त्यांनीच पुढे काढलं.

“त्याने तुला लिहिलंय ना? तू लिही, बिघडलाय. वेळ लागेल.”

“खोटी नोंद मी करत नाही, अण्णा. अठरा वर्षांत केलेली नाही.”

“माहीत आहे. म्हणून तर मागतोय, तुझ्या लिहिण्यावर तो विश्वास ठेवेल.” ते माझ्याकडे न बघता पंच्याची घडी नीट करत होते. “तू म्हणालीस म्हणू नको. मी म्हटला नाही. सबंध ओसरी उठून गेली माझ्यासमोर, डोळे मिटलेले असले तरी चपला ऐकू येतात गं. एक सूर चढवला असता तर सगळे परत बसले असते. नवा पासवर्ड मला तोंडपाठ आहे.”

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

सात वाजता फोन वाजला. अण्णांनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग फोनकडे, आणि दोनदा वाजू दिला. तेवढ्यात हाताने मला खूण केली: जा आता. आपल्या माणसाचा फोन आला की बसलेल्या पाहुण्याला आपण करतो ना, तशी. मी कप उचलून मोरीत ठेवले, चपला घातल्या.

“हां बोल, सुमंत... नाही रे, अजून कुठे दुरुस्त झालाय... इरावती आली होती, गेली आताच...”

मी ओसरीत उभी होते. अंधारून आलं होतं. अण्णांच्या खुर्चीत बसले आणि फोनवर सुमंतला उत्तर लिहायला घेतलं. “कॅमेरा बिघडला आहे,” असं लिहिलं, पुसलं. “कॅमेरा तपासणीसाठी काढून ठेवला आहे. किती दिवस लागतील, सांगता येत नाही. तोवर फोन करत राहा.” वाचून बघितलं. यातला एक शब्द खोटा होता, ‘तपासणीसाठी’. तो तसाच ठेवून पाठवलं. मग वहीतही उतरवलं, तोच शब्द, तारखेसह.

आतून खोकल्याचा आवाज आला. चांगला ठसक्याचा. मी तासभर आत होते, अण्णा एकदाही खोकले नव्हते.

“नाही रे, काही नाही,” त्यांचा बारीक झालेला आवाज म्हणत होता, “थंडी पडायला लागलीय ना. तू सांग, तू काय म्हणतोस?”

फाटकाबाहेर एकच टोटो उभी होती. मी आत जाऊन बसले आणि घराजवळचा थांबा सांगितला, मैदागिन.

“चार सवारी हो जाए, तब चलेंगे, दीदी,” टोटोवाला म्हणाला. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्याने चावी बंद केली आणि फोन काढला.